एक टोमॅटो लाल होईपर्यंत

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. (खाली वाकून करायचा होता, पण कमरेने असहकार पुकारल्यामुळे सध्या तो उभ्यानेच होतो. कमरेचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा जिना चढताना आता कुरकुरत नसेल, आणि धाकट्या बहिणीच्या घरी तुम्हाला हवा, पाणी आणि माणसं तिन्ही मानवली असतील, अशी आशा आहे. फार मानवली नसावीत, अशीही थोडी आशा आहे. इकडे आम्ही दोघे भाऊ खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

घरात फोन असताना हा पत्र कशाला खरडत बसलाय, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही “लाल झाला का?” एवढंच विचारता, मी “अजून नाही” म्हणतो, आणि तुम्ही “बरं” म्हणून ठेवून देता. त्या “बरं”ला जी धार असते ती माझ्या मोठ्या कात्रीलाही नाही. दादाने तर फोनला हात लावायचंच सोडलंय. फोन वाजला की तो न्हाणीघरात शिरतो आणि नळ सोडून उभा राहतो, म्हणजे मी नंतर काही विचारलं तर त्याला ऐकूच आलेलं नसतं. मग बाहेर येऊन टॉवेलने कोरडेच हात पुसत पुसत माझ्या तोंडाकडे बघतो. मी मान हलवली की तो परसात जातो. वहिनी, या घरात सध्या बोलण्यापेक्षा मान हलवणंच जास्त होतं.

मूळ भांडणात मला पडायचं नाही. (मी पुढच्या खोलीत शिलाईच्या मशीनवर होतो आणि मशीन चालू असताना मला काही ऐकू येत नाही. त्या वेळी मशीन बंद होतं, ही गोष्ट वेगळी.) नर्सबाई कुंपणाच्या भिंतीवरून तुमच्या टोमॅटोंचं कौतुक करत होत्या, आणि दादा त्याच टोमॅटोची फोड तोंडात टाकत म्हणाला, “त्यात काय मोठंसं? पाणी घातलं की टोमॅटो कुणीही वाढवतो.” त्यावर तुम्ही आरडाओरडा केला असतात तर सगळं निभावलं असतं. तुम्ही हात धुतलेत, खुरपं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंत, आणि म्हणालात, “कुणीही वाढवतो ना? मग वाढवा. एक टोमॅटो लाल झाला की कळवा, मी येईन.” परसात नुकतीच लावलेली, घोट्याएवढी रोपं आमच्या स्वाधीन करून तुम्ही निघालात. दादाला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. मला तेव्हाच वाटलं होतं की नाही, पण मला विचारतो कोण.

तर सुरुवातीला दादाने कारभार हाती घेतला. जन्मभर वजनमापांचा इन्स्पेक्टर म्हणून ज्याने बाजाराला घाम फोडला, तो माणूस रोपांना पाणी कसं घालणार? त्याने माळ्यावरून आपलं पितळी लिटरचं माप काढलं, चिंच लावून घासलं, आणि प्रत्येक रोपाला काठोकाठ एकेक माप, ना थेंब कमी ना थेंब जास्त, असा कायदा केला. नेमकं तेव्हाच ऊन असं तापायला लागलं की दुपारी परसातली फरशी पायाला डसायची. रोपं माना टाकायची. मी म्हणायचो, अरे, थोडं वाढव. तो म्हणायचा, माप म्हणजे माप. मला ते बघवेना. मग तो दुपारी आडवा झाला की मी इस्त्रीसाठी भरून ठेवलेली बादली गुपचूप नेऊन रोपांना द्यायला लागलो. आता गंमत ऐका. आपलं माप उन्हाला पुरत नाही हे दादालाही दिसत होतं, पण स्वतःचा कायदा मोडायचा कसा? म्हणून मी कपडे पोचवायला बाहेर पडलो की तोही गुपचूप दुसरं माप घालत होता. नळाला करंगळीएवढी धार येत असताना, सगळी गल्ली पाण्यासाठी भांडत असताना, आपली रोपं बुडत होती. पानं पिवळी पडली तसं आम्हाला वाटलं तहानली, म्हणून दोघांनी आपापलं पाणी आणखी वाढवलं. शेवटी नर्सबाईंनी भिंतीवरून निदान केलं की ही उन्हाने नाही, पाण्याने मरताहेत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नळाला दोष दिला.

पाण्यातून जी वाचली त्यांना फुलं आली, आणि उन्हाने ती देठापासून गळून पडायला लागली. रोज सकाळी खाली पिवळा सडा, आणि दादा तो वेचून हातात घेऊन उभा. मला राहवेना. दुकानात एका वकीलबाईंच्या कोटाचं अस्तर आलं होतं, चांगलं घट्ट विणीचं, पांढरं. (त्यांचा कोट अजून अस्तराविना आहे. त्या रोज विचारतात. मी त्यांना कापड आटायला ठेवलंय असं सांगितलंय.) त्याची मी रोपांवर सावली शिवली. चारी कोपऱ्यांना काजं केली, कडेने दुहेरी टीप मारली, आणि काठ्यांना अशी ताणून बांधली की एक सुरकुती शोधून दाखवावी. दोन दिवस फुलं टिकली. दादाने मला स्वतःहून चहा करून दिला. आणि तिसऱ्या दिवशी जो वारा सुटला, वहिनी, तो वारा नव्हे, कुणीतरी परस उचलून झटकत होतं. अस्तराचं शीड झालं. आता एखाद्या टुकार शिंप्याने ते शिवलं असतं तर टीप उसवली असती, कापड उडालं असतं आणि रोपं राहिली असती. पण माझी टीप! ती उसवली नाही, काजं फाटली नाहीत, म्हणून काठ्याच उपटल्या गेल्या, आणि काठ्यांना बांधलेली रोपं मुळासकट काठ्यांबरोबर गेली. सगळं लटांबर नर्सबाईंच्या छपरावर जाऊन बसलं. ते उतरवायला मी चढलो, आणि कमरेचं जे झालं ते तिथे झालं. दादा खाली शिडी धरून उभा होता. रागावला नाही. नुसतं म्हणाला, “आयुष्यात एकदा तरी काम कच्चं करायचं होतंस.” त्या वाक्याने मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर गारा. गारांचं मी फार लिहीत नाही, कारण ते आठवलं की मला हसू येतं आणि मग हसू जातं. पहिली गार पडताच मी इस्त्रीचा फळा घेऊन धावलो, दादा कणकेची परात घेऊन. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जे रोप आहे, वळचणीखालचं, त्याच्यावर त्याने परात धरली आणि स्वतः उघड्या डोक्याने वाकून उभा राहिला. परातीवर तडातडा आवाज, डोक्यावर तडातडा गारा, चष्मा एका कानावर लोंबतोय. मी ओरडलो, अरे, मूर्खासारखा उभा राहू नकोस, आत ये, डोकं फुटेल. तो हलला नाही. म्हणाला, “हे तिने लावलंय.” मी माझा फळा त्याच्या डोक्यावर धरला. असे आम्ही दोघे म्हातारे गारा थांबेपर्यंत उभे होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर टेंगळं होती आणि ती विचारणाऱ्या प्रत्येकाला तो दार लागलं म्हणून सांगत होता.

एवढ्यावर भागलं असतं तर ते हवामान कसलं. गारांमागून पावसाची जी झड लागली ती उघडायचं नाव घेईना, सूर्य म्हणून काही असतो हे आम्ही विसरलो, आणि उरलेल्या रोपांवर करपा आला. आज पानावर तपकिरी ठिपका, उद्या पान इस्त्रीखाली विसरल्यासारखं काळं. नर्सबाई म्हणाल्या, रोगट पानं कापा, नाहीतर सगळं जाईल. घरातली एकुलती एक धारदार कात्री माझी. वहिनी, ज्या कात्रीने मी उभ्या आयुष्यात कागदसुद्धा कापला नाही आणि कुणाला कापू दिला नाही, ती मी मुकाट्याने दादाच्या हातात दिली. आम्ही छत्री धरून एकेक पान कापत गेलो. कापता कापता रोपंच संपली. उरलं ते भिंतीशी लागून असलेलं, परातीखालचं. आणि त्याला एक टोमॅटो होता.

लिंबाएवढा होता तेव्हापासून आम्ही त्याला ओळखतो. चपटा, अंगावर घड्या पडलेला, अगदी तुमच्या वाणाचा. वाढला, मुठीएवढा झाला, आणि थांबला. हिरवा तो हिरवा. ढग हटेनात आणि तो रंग धरेना. रोज सकाळी दादा दात घासायच्या आधी त्याच्यापाशी जायचा. मी कापडाच्या नमुन्यांची वही घेऊन मागोमाग. एकेक चिंधी त्याच्या शेजारी धरायची आणि रंग जुळवायचा. काल शेवाळी होता, आज पोपटी आहे, असं मी म्हणायचो. दादा म्हणायचा, कालही पोपटीच होता, तुझी चिंधी विटली आहे. यावरून एकदा आम्ही संध्याकाळपर्यंत बोललो नाही. गल्लीतलं मांजर भिंतीवर चढलं तरी दोघेही हाताला लागेल ते घेऊन धावायचो. रात्री पाऊस वाढला की दादाच्या खोलीतली खाट वाजायची, म्हणजे हा जागा आहे, आणि मी जागा आहे म्हणूनच मला ती ऐकू यायची.

आणि अशात तुमचा निरोप आला. नर्सबाईंना तुम्ही फोनवर सांगितलंत म्हणे, की बहिणीच्या अंगणात तुम्ही वाफे केलेत, रोपं लावलीत, छान धरली आहेत, आणि तुमचं खुरपं कुणाबरोबर तरी पाठवून द्यावं. नर्सबाईंनी ते भिंतीवरून जसंच्या तसं सांगितलं. वहिनी, तुम्ही दागिने मागितले असतेत, चांगल्या साड्या मागितल्या असत्यात, तर दादा एवढा हादरला नसता. त्याला एवढं कळतं की बाई जिथे खुरपं मागवते तिथे ती हंगाम काढणार. तो आत गेला, खिडकीच्या कट्ट्यावरचं खुरपं उचललं, आणि नर्सबाईंना म्हणाला, सापडत नाही. खुरपं त्याच्या हातात होतं. नर्सबाई ते बघत होत्या. त्या “बरं” म्हणाल्या. (हे “बरं” तुम्ही बायका कुठे शिकता?) त्या दिवसापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलंय. ताटात भात तसाच राहतो, आणि मी रागावलो तर म्हणतो, करपलाय. भात मी करतो, तेव्हा करपलेला असतो हे खरं, पण तो आधीही करपलेलाच असायचा आणि तेव्हा तो मागून घ्यायचा.

तर मुद्द्याचं. कळवायला अत्यंत आनंद होतो की काल सकाळी आपल्या परसातल्या झाडावर लाल टोमॅटो दिसले. एक नव्हे, दोन. दादा साक्षीला आहे, मी साक्षीला आहे, नर्सबाई भिंतीपलीकडून साक्षीला आहेत. तेव्हा ठरल्या शब्दाप्रमाणे आपण येण्याचं करावं. गाडी कळवलीत तर घ्यायला येतो. तुमच्या बहिणीला नमस्कार, तिच्या पोरांना आशीर्वाद, आणि तिथल्या वाफ्यांना... त्यांना काय म्हणतात ते मला माहीत नाही.

तुमचा आज्ञाधारक दीर

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचून बघितला. त्यात खोटं काही नाही. “दिसले” असंच मी लिहिलंय. पण “दिसले” या शब्दाच्या पोटात थोडं अस्तर आहे ते उसवून दाखवतो, कारण नर्सबाईंनी रविवारपर्यंतची मुदत दिली आहे. म्हणाल्या, “मी बाईंना काही बोलणार नाही. पण रविवारपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत, तर मग मी सांगेन.”

झालं असं. परवा संध्याकाळी मी बटणं आणायला म्हणून गेलो आणि बाजारातून एक लालबुंद टोमॅटो आणला. हिरव्या रंगाच्या रिळांतून देठाशी जुळणारा दोरा निवडला, आणि अंधार पडायच्या आत, दादा फिरायला गेलाय तेवढ्यात, तो झाडाला बांधला. नर्सबाई लांबून बघतील, तुम्हाला कळवतील, तुम्ही याल, पुढचं पुढे, एवढाच हिशेब. सकाळी दादा दात घासायच्या आधी परसात गेला, मी मागोमाग. आणि वहिनी, झाडावर दोन लाल टोमॅटो. मी पुन्हा मोजले. कारण माझा एकच होता. म्हणजे दुसरा खरा. म्हणजे देवाने ऐकलं. दादाने माझा हात घट्ट धरला, त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो म्हणाला, “अरे, यातला एक खरा आहे.” मी म्हणालो, “हो रे, एक खरा आहे.” बऱ्याच वेळाने दोघांच्याही लक्षात आलं की “यातला एक” हे दोघांपैकी कुणालाच माहीत असायला नको होतं.

त्याचा तारेने बांधला होता, बारीक पिळाच्या, तराजूच्या काट्यांना सील करतात त्या तारेने. फिरायला जाताना पिशवी घेऊन का गेला होता ते मला तेव्हा कळलं. मी परतून आत आल्यावर त्याने बांधला असणार, तोवर अंधार पडला होता, म्हणून माझा त्याला दिसला नाही. नर्सबाईंनी भिंतीवरून एक नजर टाकली आणि विचारलं की तुमच्याकडचे टोमॅटो चपटे, घड्यांचे असतात, हे अंड्यासारखे गुळगुळीत कुठले? जो माणूस जन्मभर दुकानदारांची खोटी वजनं जप्त करत आला, तो हात बांधून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्या वेळी परसात खरोखर लाल असं तेवढंच होतं.

आणखी ता. क. हे लिहायला हात चालत नाही. त्या दोन्ही टोमॅटोंसाठी आम्ही एकच फांदी निवडली होती, कारण तीच दणकट होती. खरा, हिरवा, तुमचा, तोही तिच्यावरच होता. आम्ही बघत उभे असतानाच ती फांदी मोडली. दादाने खाली पडायच्या आधी ओंजळीत धरला, पण देठ तुटला तो तुटलाच. झाड आता बिनटोमॅटोचं आहे. खोट्या वजनाने काय होतं हे त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं, आणि शेवटी त्याच्याच परसात ते झालं.

मग तुमचं बोलणं आठवलं. कच्चा टोमॅटो तांदळात पुरावा आणि विसरून जावं, दाबून बघू नये. पुरलाय. विसरणं मात्र जमत नाही. डबा उघडायला काहीतरी निमित्त हवं म्हणून दादा सारखा म्हणतो भात टाक, आणि मीही टाकतो, त्यामुळे आमच्याकडे कालपासून तिन्हीत्रिकाळ भात आहे. आज सकाळी टोमॅटोच्या बुडाला जरासा रंग दिसला. मी नमुन्यांची वही लावली तर फिकट नारिंगी जुळला. दादा म्हणतो पिवळा. माझी खरी विनंती एवढीच, आणि त्यासाठीच हे सगळं लांबण लावलं: तांदळाच्या डब्यात लाल झालेला चालेल का? तुमच्या अटीत “झाडावर” हा शब्द नव्हता. ते दादाच्या लक्षात आलं, आणि किती दिवसांनी तो पोटभर जेवला. उत्तर नाही असेल तर कृपा करून फोनवर “बरं” म्हणू नका, पत्राने कळवा.

ता. क. मी लिहितोय. धाकटा पाकीट आणायला गेला आहे, तेवढ्यात हे वाचलं. दुसरं माप घालत होतो ते खरं आहे. टेंगूळ एकच होतं. चहा मी नेहमी करून देतो, त्याला आठवत नाही. बाकी ठीक लिहिलंय.

टोमॅटो कुणीही वाढवत नाही. तू वाढवतेस. त्या दिवशी ते नर्सबाईंसमोर बोललो होतो, म्हणून आज भिंतीपाशी जाऊन हेही त्यांच्यासमोर बोलून आलो. त्या “बरं” म्हणाल्या, पण जरा वेगळं.

डब्यातल्याचं उत्तर देऊ नकोस. तो लाल होवो न होवो. खुरपं सापडलं आहे. ते घेऊन मी या पत्राच्या मागोमाग येतोय. ठेवून घेतलंस तर तिथल्या रोपांना पाणी मी घालीन. माप घरीच ठेवतोय. किती घालायचं ते तू सांग.